दादीची खिदमत आणि डिग्रीचं शिक्षण : शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींसाठी वार्धक्यशास्त्राची वाट

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या अनेक घरांत सध्या दोन प्रश्न एकाच छपराखाली उभे आहेत. एक पोरीचा असतो : "बीए झालं, आता पुढं काय?" दुसरा पडवीत बसलेल्या दादीचा. ती तो तोंडाने कधी विचारत नाही, पण तिच्या नजरेत दिसतो : "मला आता कोण बघणार?" मोठा मुलगा कल्याण-भिवंडीला, धाकटा आखातात, आणि घरी सून एकटी. मग बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पहिला प्रश्नच मिटवला जातो. पोरीचं कॉलेज सुटतं आणि ती दादीजवळ बसते.

या दोन्ही प्रश्नांना एकत्र हात घालणारा एक अभ्यासविषय आहे. त्याचं नाव जेरोन्टॉलॉजी, म्हणजे वार्धक्यशास्त्र. आपल्या भागात तो फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून हा विषय काय, कुठं शिकवतात, रोजचा प्रवास कसा, पैशाचं काय आणि शेवटी नोकरी मिळते का, ते आम्ही इथं सविस्तर मांडत आहोत.

हे शास्त्र नेमकं काय?

'जेरोन्टॉलॉजी' हा शब्द 1903 मध्ये एली मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने वापरात आणला. ग्रीक भाषेत 'जेरॉन' म्हणजे म्हातारा माणूस. 1909 मध्ये इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरने 'जेरियाट्रिक्स' हा शब्द दिला. दोघांत फरक आहे. जेरियाट्रिक्स म्हणजे वृद्धांच्या आजारांवरचं वैद्यकशास्त्र, ते डॉक्टरांचं काम. जेरोन्टॉलॉजीत म्हातारपणाचा सगळ्या बाजूंनी अभ्यास होतो : शरीर, मन, घर, पैसा, कायदा, सरकारी योजना. त्यामुळे बीए, बीकॉम झालेली मुलंही तिकडे जाऊ शकतात. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1975 मध्ये या विषयासाठी वेगळी शाळाच उघडली.

आपल्याकडे गरज किती? 2011 च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे लोक 10 कोटींच्या वर होते. महाराष्ट्रात 1 कोटी 11 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 9.9 टक्के. आज हा आकडा त्याहून बराच मोठा आहे. गावांत तर तरुण कामासाठी बाहेर पडतात आणि बुजुर्ग मागे राहतात.

वर्गात काय शिकवतात?

आपल्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. या शास्त्रातला विद्यार्थी सर्वात आधी शिकतो ते हे की, ही म्हण खरी नाही. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं हे वयाचं असू शकतं. पण चष्मा कशासाठी असतो तेच न कळणं, रोजच्या मस्जिदीतून घरी येताना वाट चुकणं, आयुष्यभर केलेल्या वुजूचा क्रम हातून सुटणं, ही स्मृतिभ्रंशाची लक्षणं असू शकतात. तो आजार आहे. "अब्बा आता हट्टी झालेत" म्हणून सोडून देण्याची गोष्ट ती नव्हे.

तसंच, काल बरे असलेले बुजुर्ग आज अचानक असंबद्ध बोलू लागले, तर त्यामागे बऱ्याचदा लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नाहीतर एखादं नवं औषध असतं. अशा वेळी नजर उतरवत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. न्हाणीघरात पकडायला दांडी आणि रात्री एक दिवा असेल तर खुब्याचं हाड मोडण्याचे कितीतरी प्रसंग टळतात. साखरेच्या औषधांवर असलेल्या नानीला रोजे ठेवायचे असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांशी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवाव्या लागतात. यातलं काहीही अवघड नाही, पण कुणीतरी शिकलेलं लागतं.

यासोबत समुपदेशन, कुटुंबातले तंटे, मृत्यूच्या जवळ असलेल्या माणसाशी कसं बोलावं, आणि कायदाही शिकवला जातो. क्षेत्रकार्य म्हणून विद्यार्थ्यांना वृद्धाश्रमात, रुग्णालयात, ज्येष्ठ नागरिक संघात जावं लागतं. या विषयाचं खरं विद्यार्थीजीवन तेच. पुस्तकातलं 'एकाकीपण' आणि खाटेवर बसून दारापाशी नजर लावलेला माणूस, यातलं अंतर तिथं कळतं.

शिकायचं कुठं?

मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, 1936 सालची. सगळे तिला 'टिस' म्हणतात. तिच्या आजीवन शिक्षण केंद्राने वार्धक्यशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवला आहे. शिवाय तिथल्या समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणातूनही या क्षेत्रात येता येतं. देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. 45 वर्षांपुढच्या 72 हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी करणारा 'लासी' हा मोठा अभ्यास याच संस्थेने केला. त्याची पहिली फेरी 2017-18 मध्ये झाली. केंद्र सरकारची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था वृद्धांच्या देखभालीचे अभ्यासक्रम चालवते. त्यात एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे आणि खाटेजवळच्या सेवेचे छोटे कोर्सही. प्रवेश दरवर्षी सारखे नसतात, म्हणून जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावी, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर जाऊ नये.

पदवी झालेली नसेल तर ती आधी पूर्ण करा. शहापूरचं सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं आहे. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेता आलं तर पाया चांगला होतो. घर सोडता येत नसेल त्यांच्यासाठी इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

प्रवास, पुस्तकं, पैसा

शहापूरहून आसनगाव स्टेशन, तिथून कसारा लाइनच्या लोकलने कुर्ला, मग हार्बरने तिसरं स्टेशन गोवंडी. एका बाजूला दोन तासांहून जास्त धरा. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून आधी एसटीने कल्याण आणि मग पुढचा तोच प्रवास. रोज हे करणं थकवणारं आहे, ते आम्ही लपवणार नाही. पूर्ण वेळेचा कोर्स असेल तर होस्टेलचा अर्ज प्रवेशासोबतच भरावा. खर्च मात्र थोडा कमी होतो : लोकलचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, आणि 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे.

पुस्तकं महाग असतात आणि बहुतेक इंग्रजीत. पण 'स्वयम्' वर मोफत वर्ग आहेत, 'शोधगंगा' वर देशभरातले प्रबंध वाचायला मिळतात, 'लासी'चा अहवालही मोफत आहे. ज्यांचं शिक्षण मराठी किंवा उर्दूतून झालं त्यांना पहिले काही महिने इंग्रजी जड जातं. त्यावर एकच उपाय आम्हाला ठाऊक आहे : रोज दोन पानं, शब्दांची वही, आणि वर्गात विचारायला न लाजणं.

फीसाठी महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती पाहा. आपला अभ्यासक्रम यादीत आहे का, ते अर्जाआधी तपासा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजनाही आहे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. कागद वेळेवर नसल्याने अर्ज राहून जातात.

नोकरी मिळते का?

खरं सांगायचं तर, 'वार्धक्यशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच दिसते. हा विषय समाजकार्य, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा मानसशास्त्राला जोडून घेतला तर जास्त कामाला येतो. रुग्णालयातले समाजसेवक, वृद्धाश्रम आणि डे-केअरचे व्यवस्थापक, हेल्पएज इंडियासारख्या संस्था, हेल्पलाइन, संशोधन पाहणी, घरपोच सेवा देणाऱ्या संस्था इथं माणसं लागतात. ज्यांना लवकर कमाई हवी त्यांच्यासाठी रुग्णसेवेचा छोटा कोर्स आहे. पण असा कोर्स केलेली व्यक्ती नर्स ठरत नाही. जो क्लासवाला तसं सांगतो त्याला फी देऊ नये.

विद्यार्थी गावाच्या कामी येतो तो असा

शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी मोहल्ल्यात असेल तर बुजुर्गांचं काय बदलतं? पाहा. 65 वर्षांपुढच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. 70 वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यात कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी घेण्याची तरतूद आहे. आपल्या केंद्रात ती कोणत्या वारी असते, हे विचारायलाही कुणीतरी लागतं. 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि एक कटू गोष्ट. 2007 च्या कायद्यानुसार मुलांनी सांभाळलं नाही तर आई-वडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागू शकतात. वकील लागत नाही. आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणून आपण मान फिरवतो. होतं. फक्त दादी कुणाला सांगत नाही.

आई-वडिलांची खिदमत हा आपल्या दीनमधला मोठा हुकूम आहे, आणि तो मुलगा-मुलगी दोघांना आहे. आपण मात्र तो सुनेच्या नाहीतर अविवाहित लेकीच्या अंगावर टाकून मोकळे होतो. कूस बदलणं, गोळ्यांची डबी लावणं, अंग पुसणं हे मुलांनीही शिकावं. लेकीने दादीसाठी कॉलेज सोडलं तर एका दादीची सोय होते. तीच लेक शिकून परत आली तर मोहल्ल्यातल्या सगळ्या बुजुर्गांना कुणीतरी मिळतं.

म्हणून आमची एक विनंती. येत्या जुम्याला नमाजनंतर चार तरुणांनी बसावं आणि आपल्या मोहल्ल्यात साठीपुढचे किती बुजुर्ग आहेत, एकटे किती, अंथरुणावर किती, कुणाला पेन्शन नाही, याची एक साधी यादी करावी. बायकांकडून ती तपासून घ्यावी, कारण खरं त्यांनाच माहीत असतं. ही यादी म्हणजेच या अभ्यासाचा पहिला धडा. ती करताना ज्या पोराला किंवा पोरीला त्यात रस वाटेल, तिला पुढं शिकू द्या. घरी दादीजवळ तोवर कोण बसणार, ते बाकीच्यांनी आपसात वाटून घ्या.