नव्वद मिनिटांची कॅसेट, ऐंशी मिनिटांची तबकडी

पुष्कळ घरांत आजही फडताळात नाहीतर ट्रंकेत जुन्या कॅसेटी पडून आहेत. एखादीत आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, एखादीत सप्ताहातले कीर्तन. म्हणणारी माणसे गेली, आवाज तेवढा मागे राहिला. कॅसेटीची फीत मात्र जीर्ण होते, दमट घरात तिला बुरशीही लागते. तेव्हा आवाज वेळीच सीडीवर उतरवून घ्यावा हे खरे. पण तेथे अडचण येते ती मापाची.

कॅसेट ६० किंवा ९० मिनिटांची. सीडी बाजारात आली १९८२ साली, तेव्हा तिच्यावर सुमारे ७४ मिनिटे मावत. पुढे कोऱ्या तबकड्या ८० मिनिटांच्या मिळू लागल्या. तरी नव्वदच्या कॅसेटीतली १० मिनिटे बाहेर राहतातच, आणि कीर्तनाचा शेवट कापून कोणाला चालेल?

९० आणि ९९ मिनिटांच्या तबकड्याही निघाल्या. त्यांच्या नादी लागू नये. तबकडी तीच, १२ सेंटिमीटरची. आतून बाहेर गोल गोल जाणारी आवाजाची रेघ तेवढी दाटीने बसवलेली. तेवढ्याच वावरात ओळी जवळजवळ पेरल्या तर कोळपे चालत नाही, तसे येथे यंत्राचे होते. एका घरी वाजते, दुसऱ्या घरी अडते.

आधी घड्याळ लावून कॅसेट ऐकावी. दोन्ही बाजूंच्या शेवटी कितीतरी फीत कोरीच असते. ती आणि मधली खरखर काढली की पुष्कळदा काम ८० मिनिटांत बसते. वेग वाढवून बसवण्याची युक्ती कोणी सांगेल; ओवी म्हणजे काही बाजारभाव नव्हेत, तो नाद सोडावा. तरीही उरलेच तर सरळ दोन तबकड्या कराव्यात. नारदीय कीर्तन असेल तर पूर्वरंग एकीवर, उत्तररंग दुसरीवर. मध्ये थांबण्याची जागा कीर्तनकारानेच करून ठेवलेली असते.

एक गंमत अशी की सीडीवर डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगवेगळे असतात. घरच्या टेपवरचे ध्वनिमुद्रण बहुधा एकेरीच. मग अर्धा भाग डाव्या बाजूस, अर्धा उजव्या बाजूस घातला तर १६० मिनिटे मावतात. ऐकताना एका बाजूचा कर्णा बंद ठेवावा लागतो, एवढेच.

त्याहून सोपा मार्ग एमपी-३ चा. यात आवाज आटवून साठवतात. ७०० एमबीच्या तबकडीवर १२८ केबीपीएस या मापाने सुमारे १२ तास मावतात, ६४ ने एकेरी आवाज त्याच्या दुप्पट. बोलणे आणि ओव्या यांना हे पुरते. फक्त जुन्या सीडी प्लेअरवर अशी तबकडी वाजत नाही, म्हणून आपले यंत्र कोणते ते आधी पाहावे.

तबकडी उन्हात ठेवू नये. नाव सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनानेच लिहावे. छापील बाजूस ओरखडा गेला तर तो खालच्यापेक्षा अधिक घातक. एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि काम झाले तरी मूळ कॅसेट दुकानात सोडून येऊ नये.