मासेमारांची वही हाही डेटाच!

वडिवळ्याच्या धरणात ट्राउट शोधू नका. त्याला बारमाही थंडगार पाणी लागतं. आपला मासा महाशीर. जवळच लोणावळ्यात टाटा पॉवरचं महाशीर बीजकेंद्र १९७० च्या दशकापासून आहे. मग पिल्लं सोडली की झालं संवर्धन? थांबा. कावेरीवर हौशी गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. मासे वाढलेले दिसले, पण ते बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या जातीचे, म्हणजे लोणावळ्यात वाढवतात त्याच! तिथला मूळचा कुबडवाला महाशीर दिसेनासा झाला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. नुसती बेरीज पाहिली असती तर हे कळलंच नसतं. तुमच्या नदीवर गळवाले असतील तर त्यांच्या वह्या मागा : जात, वजन, तास आणि हो, रिकाम्या हाताने परतलेले दिवससुद्धा.