राष्ट्रीय उद्यानातली चराई

गुरं रानात चरायची, हा गावांचा जुना रिवाज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वेसण घातली. अभयारण्यात चराई किती चालू द्यायची, हे मुख्य वन्यजीव रक्षक ठरवू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र कलम ३५ नुसार चराईला साफ मनाई. परवानगी असलेल्या माणसानं वाहन म्हणून आणलेलं जनावर तेवढं चालतं.

राजस्थानात भरतपूरला १९८२ मध्ये ही बंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं दगावली. पण म्हशी गेल्या आणि पाणथळीत गवत माजलं. पाणपक्ष्यांना मोकळं पाणी कमी पडू लागलं. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. कलम सगळीकडे एकच असलं, तरी माळ, डोंगर आणि पाणथळ यांवर चराईचा परिणाम एकसारखा होत नाही.