युरोपियन फुटबॉलमध्ये 'सीडिंग' कसं होतं? चिठ्ठी निघण्याआधीच काय ठरलेलं असतं?

पडघ्यात किंवा भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात टेनिस क्रिकेटची स्पर्धा भरली की पहिली कुरबुर चिठ्ठ्यांवरून होते. दोन तगडे संघ पहिल्याच फेरीत भिडले, तर त्यातला एक दुपारीच घरी जातो. हे टाळण्यासाठी फुटबॉलमध्ये सीडिंग, म्हणजे मानांकन असतं.

ड्रॉमुळे काय होऊ शकतं, हे आपण २०२३ मध्ये पाहिलंय. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीच्या गटात नेमारचा अल-हिलाल आला. दुखापतीमुळे नेमार नवी मुंबईत खेळलाच नाही. मुंबईने गटातले सहाही सामने गमावले.

मानांकन कशावरून ठरतं?

युरोपात त्यासाठी 'क्लब कोएफिशंट' वापरतात. युरोपियन स्पर्धांमधल्या गेल्या पाच हंगामांच्या गुणांची ही बेरीज असते. क्लबने देशातली लीग किती दिमाखात जिंकली, याचे गुण त्यात धरत नाहीत.

मग नवख्या क्लबचं काय? त्याच्या देशाच्या पाच वर्षांच्या कोएफिशंटचे २० टक्के काढतात. क्लबची स्वतःची बेरीज आणि हे २० टक्के, यातला मोठा आकडा धरला जातो.

ड्रॉमध्ये नेमकं काय होतं?

समजा, फेरीत आठ संघ आहेत. जास्त गुणांचे चार मानांकित, उरलेले चार बिगरमानांकित. प्रत्येक जोडीत दोन्हीकडचा एकेक संघ येतो. त्यामुळे दोन मानांकित संघ त्या फेरीत भेटत नाहीत. एकाच देशाचे क्लबही शक्यतो वेगळे ठेवतात. राजकीय तणावामुळे काही देशांच्या क्लबनाही एकमेकांपासून दूर ठेवलं जातं.

आधीची फेरी संपलीच नसेल तर?

पात्रता फेऱ्या पाठोपाठ होतात, त्यामुळे बऱ्याचदा पुढचा ड्रॉ आधीच काढावा लागतो. समजा, ४० गुणांचा क्लब ८ गुणांच्या क्लबशी खेळतोय. अशा वेळी त्या लढतीतला मोठा आकडा, म्हणजे ४०, धरून जागा ठरते. लहान क्लबने बाजी मारली, तर हरलेल्या मोठ्या क्लबची जागा त्याला मिळते आणि पुढच्या फेरीत तो मानांकित म्हणून उतरू शकतो.

हे न्याय्य आहे का?

टीका अशी की ज्याने आधी कमावलं, त्यालाच पुढची वाट सोपी मिळते. मुख्य स्पर्धेत पोहोचलं की पैसाही मिळतो आणि गुणही. त्यातून पुढच्या वर्षीचं मानांकन आणखी पक्कं होतं. लहान देशातल्या क्लबला हे चक्र भेदणं अवघड जातं.

पण अशक्य नाही. मोल्दोव्हातला शेरीफ तिरास्पोल २०२१ मध्ये पहिल्या पात्रता फेरीपासून खेळत आला. त्याने रेड स्टार बेलग्रेड आणि डायनॅमो झाग्रेब यांना बाहेर काढलं आणि सप्टेंबरमध्ये रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं.

मानांकनामुळे समोर कोण येणार, एवढंच ठरतं. सामना मैदानावरच जिंकावा लागतो.