यादीतले नाव आणि अनुदानाचा हिशेब

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा चालू असताना, काही वर्षांपूर्वी, खजिनदारांनी एक छापील यादी टेबलावर पसरली. त्या वर्षी ज्या ग्रंथालयांना शासनाचे परिरक्षण अनुदान मिळाले त्यांची नावे तीत होती, आणि आमच्या वाचनालयाच्या नावापुढे रकमेचा आकडा होता. मंडळातले सर्वांत वडीलधारे सभासद, ज्यांनी उभ्या आयुष्यात वर्गणीची एक पावती गहाळ होऊ दिली नाही, ते ती यादी दोनदा वाचून मला म्हणाले, "गुरुजी, आपलं नाव असं चारचौघांत लावलंय, म्हणजे चौकशी लागली का हो आपल्यामागं?" त्या प्रश्नातली धास्ती मला अजून आठवते, कारण ती त्यांच्या एकट्याची नव्हती. शासन बाहेरच्या संस्थांना जो पैसा देते त्याच्या जाहीर प्रसिद्धीविषयी आपल्याकडे शिकलेल्यांच्या मनातही इतके गैरसमज साचले आहेत की, ते एकेक करून उलगडणे मला माझे कर्तव्य वाटते.

यादीत नाव येणे हा आरोप नव्हे. ती यादी म्हणजे देणाऱ्याने आपल्या खजिन्यातून काय बाहेर गेले याचा लोकांस दिलेला हिशेब आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून विधिमंडळाच्या मंजुरीवाचून पैसा काढता येत नाही, आणि संविधानाच्या २८२ व्या अनुच्छेदाने केंद्रास व राज्यांस अनुदान देण्याची जी विस्तृत मुभा दिली आहे, तीही सार्वजनिक प्रयोजनासाठीच दिली आहे. पैसा जनतेचा आणि प्रयोजनही जनतेचे असताना, तो ज्याच्या हाती सोपवला त्याचे नाव तेवढे खाजगी कसे राहील?

दुसरा समज असा की, ही माहिती दप्तरी बंद असते आणि अर्ज करील त्यालाच ती मिळते. वस्तुतः २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने अर्जाची वाट हा दुसरा मार्ग ठेवला आहे. पहिला मार्ग आहे तो चौथ्या कलमातला, ज्यान्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या असतात, आणि लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी असा त्या प्रसिद्धीचा हेतू कायद्यातच सांगितला आहे. या बाबींत अर्थसाहाय्याच्या कार्यक्रमांखाली वाटलेल्या रकमा व लाभधारकांचा तपशील येतो. पुढे एप्रिल २०१३ मध्ये केंद्राच्या कार्मिक खात्याने सर्व मंत्रालयांस जे मार्गदर्शन केले, त्यात स्वेच्छाधीन असो वा नसो, राज्य सरकारांस, स्वयंसेवी संस्थांस व इतर संस्थांस दिलेले प्रत्येक अनुदान खात्याच्या संकेतस्थळावर ठेवावे, आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांचे वार्षिक हिशेबही तेथे पाहावयास मिळावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. हे उत्तरार्धातले वाक्य मला पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे वाटते; आणि त्याचीच सर्वांत अधिक उपेक्षा झाली आहे. रक्कम कळते, नाव कळते. त्या रकमेचे पुढे काय झाले हे सामान्य वाचकास एका जागी क्वचितच कळते.

गोंधळाचे एक मूळ आपल्या भाषेतच आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या किमतीत मिळते तेही अनुदान, शेतकऱ्याला ठिबक सिंचनाच्या संचावर मिळते तेही अनुदान, शाळेला शिक्षकांच्या पगारासाठी मिळते तेही अनुदान. पण गॅसची सवलत व्यक्तीच्या हाती पडली की तिचा व्यवहार संपतो, आणि संस्थेला मिळालेले सहायक अनुदान हाती पडते तेव्हा व्यवहाराला सुरुवात होते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत हा भेद जपलेला असतो: लेखाशीर्षाच्या शेवटी '३१, सहायक अनुदाने (वेतनेतर)' किंवा '३६, सहायक अनुदाने (वेतन)' असे उद्दिष्ट लिहिलेले असते, आणि सामाईक निधीत शासनाने घातलेला वाटा 'अंशदाने' या वेगळ्या उद्दिष्टाखाली पडतो. ठेकेदाराला कामाबद्दल दिलेले देयक यांपैकी कशातच येत नाही. तेव्हा 'अमुक संस्थेला सरकारने एवढे दिले' असे कोणी म्हणाले, तर ते कामाचे मोल होते, सवलत होती की अनुदान होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

अनुदान म्हणजे दान, दिले म्हणजे सोडले, ही कल्पना तर फारच जुनी आहे. आणि ती कोठून आली असावी हे महाराष्ट्राच्या इतिहासात थोडे मागे गेल्यावर उमगते. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वानांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या घेणाऱ्याकडे कोणी जमाखर्च मागत नसे. १८१८ नंतर इंग्रज सरकारने दक्षिणेचा काही भाग चालू ठेवला आणि त्याच निधीतून १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा उघडली. आणि १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांसारख्या नव्या विचाराच्या मंडळींनी, त्या पैशातून मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन द्यावे असा अर्ज सरकारकडे केला, तेव्हा पुण्यात मोठा वाद उसळला. सार्वजनिक पैसा कोणास व कशासाठी द्यावा, हा आपल्याकडे उघड्यावर झालेला एक आरंभीचा वाद होय. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने हिंदुस्थानात खाजगी शाळांना सहायक अनुदान देण्याची पद्धत घातली, आणि तिला सरकारी तपासणीची अट पहिल्यापासूनच जोडली. आजचे अनुदान हे त्या अटीचे वारस आहे, दक्षिणेचे नव्हे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार तर अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याजसुद्धा संस्थेचे नसते. हिशेब पुरा होताच ते भारताच्या एकत्रित निधीत परत भरावे लागते. अनुदानातून घेतलेले कपाट वा यंत्र मंजुरीवाचून विकता येत नाही, आणि खर्चाविना उरलेली शिल्लकही संस्थेने आपलीशी करावयाची नसते.

आता मंजूर रकमेविषयी. वृत्तपत्रात 'अमुक कोटी मंजूर' असा मथळा आला की गावात चर्चा सुरू होते ती पैसा आलाच या समजुतीने. ज्याने एखादा शासन निर्णय शांतपणे वाचला आहे त्याला यातली मजल-दरमजल ठाऊक असते. वर 'वाचा' या शब्दाखाली पूर्वीच्या निर्णयांची व पत्रांची जंत्री असते, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष आदेश, त्यात आहरण व संवितरण अधिकारी कोण, नियंत्रक अधिकारी कोण, खर्च कोणत्या मागणीखाली व कोणत्या लेखाशीर्षातून भागवावयाचा हे लिहिलेले असते, आणि शेवटी हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगून त्याचा लांबलचक सांकेतांक दिलेला असतो. या कागदात तीन शब्दांकडे लक्ष द्यावे: तरतूद, मंजुरी आणि वितरण. अर्थसंकल्पात केलेली तरतूद ही केवळ मर्यादा आहे. तिच्यातला किती भाग वर्षात खर्चावयाचा हे वित्त विभाग ठरवतो. वितरणाचा आदेश निघाल्यावरही देयक कोषागारातून पारित व्हावे लागते. आमच्या वाचनालयाच्या पासबुकात रक्कम जमा झाली तेव्हा यादी निघून बरेच आठवडे लोटले होते, आणि तोवर ग्रंथपालांचा पगार आम्ही वर्गणीतून, हातउसने घेऊन भागवला होता. यादीतला आकडा पाहून 'एवढा पैसा गेला कोठे' असे विचारणाऱ्यांना मी पासबुकाचे ते पान दाखवीत असे.

सर्वांत खोल रुतलेला गैरसमज उपयोगिता प्रमाणपत्राविषयीचा आहे. हे प्रमाणपत्र दाखल झाले म्हणजे हिशेब तपासला गेला, असे पुष्कळ पदाधिकारी मनापासून मानतात. खरे पाहता ते घेणाऱ्याचे स्वतःचे प्रतिज्ञापन आहे: एवढी रक्कम मिळाली, एवढी ज्या कामासाठी दिली त्याच कामावर खर्च झाली, एवढी शिल्लक आहे. केंद्राच्या नियमांत ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यावयाचे असते. त्यावर सनदी लेखापालाची सही असली तरी कामाचा दर्जा, खरेदीतला भाव, पुस्तके खरोखर फळीवर आहेत की केवळ दाखलनोंदवहीत आहेत, यांची रुजुवात त्या एका कागदाने होत नाही. लेखापरीक्षण ही त्याहून निराळी गोष्ट आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या १९७१ च्या कायद्यातील १४ व्या कलमानुसार, ज्या संस्थेस एका वर्षात किमान २५ लाख रुपयांचे अनुदान वा कर्ज मिळाले आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नाही, तिचा जमाखर्च ते तपासतात. रक्कम एक कोटी वा अधिक असेल तर टक्केवारीचा विचार न करता, राष्ट्रपतींच्या वा राज्यपालांच्या पूर्वसंमतीने, तपासू शकतात. याचा अर्थ असा की आमच्यासारख्या लहान संस्था त्या मोठ्या चाळणीखाली सहसा येतच नाहीत. त्यांच्यावर लक्ष ठेवावयाचे ते अनुदान देणाऱ्या खात्याने, १९५० च्या विश्वस्त कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांनी, आणि गावाने. राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील महालेखापरीक्षकांच्या अहवालांत प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांचा उल्लेख वर्षानुवर्षे येत असतो. तेवढ्यावरून पैसा खाल्ला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे, पण तो पैसा कामी लागला असे मानण्यासही आधार राहत नाही, ही गोष्ट कमी गंभीर नव्हे.

सरकारचा एक रुपया घेतला की संस्था माहितीच्या कायद्याखाली आली, असे काहीजण मानतात. आम्ही खाजगी विश्वस्त संस्था, आम्हांला कोणी विचारू शकत नाही, असे दुसरे म्हणतात. दोन्ही पक्ष चुकतात. २०१३ साली केरळातील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ सवलती वा अनुदाने मिळतात एवढ्याने संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. ज्या पैशावाचून तिला तग धरणे कठीण जावे इतके ते साहाय्य भरीव असले पाहिजे. २०१९ च्या डी. ए. व्ही. महाविद्यालय न्यासाच्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, 'भरीव' याचा अर्थ निम्म्याहून अधिक असा नाही, आणि शहरात मोफत वा नाममात्र किमतीत मिळालेली जमीनसुद्धा भरीव साहाय्य ठरू शकते. शिवाय संस्था स्वतः या कायद्याखाली येत नसली तरी, तिचा प्रस्ताव, मंजुरीचा आदेश आणि तिने दिलेले हिशेब ज्या खात्याच्या दप्तरी आहेत, त्या खात्याकडे ते मागता येतातच.  

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. पण माझी विनंती अर्जदारांहून अधिक संस्थाचालकांना आहे: कोणी मागेपर्यंत थांबू नका. आमच्या वाचनालयाच्या दाराशी असलेल्या फलकावर आता दरवर्षी तीन कागद लागतात: अनुदानाचा आदेश, पासबुकातील त्या पानाची प्रत, आणि सनदी लेखापालाने तपासलेला ताळेबंद. ते लावण्याचा ठराव त्याच वडीलधाऱ्या सभासदांनी मांडला. पावत्यांची फाइल ग्रंथपालांच्या टेबलावर असते. ज्याला शंका असेल त्याने सायंकाळी ५ ते ८ या वेळेत येऊन ती मागून घ्यावी.