ओहोटीच्या वेळची सहल

शाळेची सहल म्हणजे किल्ला, बाग किंवा जलक्रीडा उद्यान, अशी आपली समजूत असते. मुंबईत मात्र हाजी अली, गिरगाव, जुहू येथील किनाऱ्यांवर विद्यार्थी सागरी जीवांची प्रत्यक्ष पाहणी करताना दिसू लागले आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरिन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने या पाहणीची गोडी बरीच वाढविली.

अशा सहलीचा दिवस तिथी पाहून ठरतो. पंचांग न उघडता अष्टमी-चतुर्दशी सांगणारी आपली वडीलधारी मंडळी किनाऱ्यावरील जुना हिशोब सहज समजतील. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागावे. येणाऱ्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. द्वितीयेला रात्री दीडला भरती, म्हणून सव्वासहा तासांनी, सकाळी पावणेआठला, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे हे दिवस उधाणाचे. पाणी दूर हटते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा फारसे काही दिसत नाही.

भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणली जाते. तिच्यालगत ठराविक अंतरावर चौकट ठेवून आतील प्रत्येक जीव मोजायचा व वहीत नोंदवायचा. बँकेच्या शाखातपासणीत आम्ही निवडक व्हाउचर तपासत असू, त्यातलाच हा प्रकार. शेजारी सुंदर समुद्रफूल दिसले तरी चौकट सरकवायची नाही. ती रिकामी निघाली तर शून्य लिहायचे. मुलांना हे जड जाते. (वर्षअखेरीस माल मोजताना व्यापाऱ्यांनाही जाते!)

आपल्या घरांतील खरी शंका वेगळीच असते: जीवांना इजा होईल काय? पूर्वी प्रयोगशाळांसाठी प्राणी पकडून फॉर्मालिनच्या बरण्यांत ठेवीत. येथे काहीही उचलून न्यायचे नसते. उलटलेला दगड लगेच होता तसा ठेवावा लागतो, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हाने मरतात. रिकामा शंखही घरी आणायचा नाही. पाठशाळेत ‘द्वींद्रिय’ म्हणून शिकलेल्या शंखातून कधी चक्क खेकडाच डोकावतो. त्याचे पोट मऊ असल्याने त्याला दुसऱ्याच्या कवचाचा आसरा लागतो. प्रवाळाला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाप्रमाणेच पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे.

तरीही शंका पूर्ण फिटत नाही. अपाय हातांपेक्षा पायांनी अधिक होतो. शंभर मुले एकदम खडकांवर सोडणाऱ्या सहलीला, माझ्या मते, पालकांनी संमती देऊ नये. एका मार्गदर्शकामागे मुले किती, पाऊल उघड्या खडकावर व वाळूवरच टाकायचे हे कोण पाहणार, पाणी परतू लागण्यापूर्वी मुले बाहेर येणार काय, हे शाळेला आधी विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील तर अवश्य पाठवावे. मात्र सोबत चप्पल नको, घसरणार नाहीत असे जाड तळाचे बंद कापडी बूट द्यावेत. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात.