मर्यादित आवृत्ती, अमर्याद आशा



इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली असं कुठूनही विचारलं जातं, पण प्रश्न एकच असतो. "साहेब, टांकसाळीचं स्मारक नाणं किंवा 'लिमिटेड एडिशन' वस्तू घेऊन ठेवली, तर दहा वर्षांनी किती मिळतील?" निवृत्त फौजी बांधव हे जास्त विचारतात. फंडाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात आणि 'शेवटचे थोडेच शिल्लक' ही जाहिरात समोर असते. म्हणून आज भाव का चढतो आणि का पडतो, हे क्रमाने पाहू.

पहिला मुद्दा : किती बनले नाही, किती उरले

१५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींची चार तिकिटं निघाली. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यांपैकी १०० संचांवर 'सर्व्हिस' असा शिक्का छापून ते गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी दिले गेले. हे तिकीट संग्राहकांना विकायला काढलेलं नव्हतं. काही वाटली गेली, काही संग्रहालयांत गेली, बाजारात फारच थोडी आली. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांच्या सलग पट्टीला २०१७ साली ब्रिटनमध्ये ५ लाख पौंड मिळाले. त्या वेळचे सुमारे ४ कोटी रुपये.

आता आजची मर्यादित आवृत्ती बघा. ती घेणारा प्रत्येकजण पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवतो. दहा हजार बनल्या, तर वीस वर्षांनीही जवळपास दहा हजार शिल्लक राहतात. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मिळ होणार कशी? जुनी वस्तू मौल्यवान होते, कारण लोकांनी ती वापरली, फाडली, टाकून दिली.

दुसरा मुद्दा : घेणारा कोण?

आर्मी पोस्टल सर्व्हिस रेजिमेंटच्या स्थापनादिनाला, निशाणप्रदानाला विशेष लिफाफे काढते. संख्या थोडी असते. पण ते हवे असतात कोणाला? त्या पलटणीतल्या माणसांना आणि लष्करी टपालाचा अभ्यास करणाऱ्या मोजक्या लोकांना. म्हणून असा लिफाफा दुर्मिळ असूनही अनेकदा स्वस्तात मिळतो. भावासाठी वस्तू कमी असून भागत नाही, ती हवी असणारी माणसं जास्त असावी लागतात. आणि ती पुढेही यावी लागतात. ज्या पिढीला ज्याची ओढ, ती पिढी म्हातारी झाली की एकेक संग्रह विक्रीला निघतो. माल वाढतो, गिऱ्हाईक घटतं.

तिसरा मुद्दा : बनवणाऱ्याचा शब्द

नव्वदच्या दशकात अमेरिकेत टाय कंपनीच्या 'बीनी बेबीज' नावाच्या छोट्या कापडी खेळण्यांचं वेड लागलं होतं. कंपनी एकेक प्राणी बंद झाल्याचं जाहीर करायची आणि त्याचा भाव उसळायचा. १९९९ मध्ये सगळीच खेळणी बंद करणार असं तिने जाहीर केलं, मग लोकांचं मत घेऊन उत्पादन चालूच ठेवलं. बाजार कोसळला. मुलांच्या कॉलेजच्या खर्चासाठी खेळणी साठवलेली कुटुंबं होती, त्यांच्याकडे खोकी तेवढी उरली. कारण साधं आहे. बहुतेक जण आपल्याला हवं म्हणून घेत नव्हते, दुसरा जास्त देईल म्हणून घेत होते. तो दुसरा आलाच नाही.

चौथा मुद्दा : आतला माल आणि अवस्था

आपल्या टांकसाळीच्या १०० रुपयांच्या अनेक स्मारक नाण्यांचं वजन ३५ ग्रॅम आणि त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. आजच्या भावाने ती किती रुपयांची होते ते काढा. ते झालं खालचं टोक. तुम्ही दिलेली त्याच्या वरची रक्कम हौसेची, आणि हौसेला हमी नसते. तिकिटाला तर तेवढाही आधार नाही.

अवस्थेने भाव निम्मा-पाव होतो. नाणं चिंचेने घासून चकचकीत करू नका. मूळ डबी आणि सोबतचं माहितीपत्रक टाकू नका.

पाचवा मुद्दा : हातात किती येतं?

समजा वस्तू ४,००० ला घेतली, सहा वर्षांनी ५,००० ला विकली गेली. विकणाऱ्याचं कमिशन २० टक्के धरा. हातात आले ४,०००. सहा वर्षांचं व्याज गेलं, महागाईने खाल्लं ते वेगळंच. सूचिपुस्तकातली किंमत ही तुम्हाला मिळणारी किंमत नव्हे. व्यापारी त्याहून कमीच देतो, कारण त्याला माल सांभाळायचा असतो.

आणि एक इशारा

२०१२ सालचं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखोंना जातं, असे संदेश फिरतात. ही चलनात आलेली नाणी आहेत, ती सहज सापडतात. असा फोन करणारा नाणं मागत नाही, आधी नोंदणी फी, कर, कमिशन मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, हे ऐकलं की फोन ठेवा.

तेव्हा घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही वस्तू किती जणांनी जपून ठेवली असेल? बनवणारा पुन्हा बनवू शकतो का? आणि भाव शून्य झाला, तरी ती कपाटात पाहून मला आनंद होईल का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर हौसेच्या पैशातून खुशाल घ्या. पेन्शन आणि फंडाला मात्र हात लावू नका.

जय हिंद.